साध्या मजकुरातील रूपरेषेची निर्यात

साध्या मजकुरातील रूपरेषा म्हणजे ओळीच्या आरंभी सोडलेल्या जागेवरून किंवा ठरावीक चिन्हांवरून श्रेणी दाखवणारी, कोणतीही सजावट नसलेली मजकूर-फाइल होय. अशा रूपरेषेतील माहिती स्वतः लिहिलेल्या लहान आज्ञावलींना, म्हणजे स्क्रिप्टना, वापरता येईल अशा स्वरूपात बाहेर काढण्याच्या क्रियेला 'निर्यात' म्हणतात. ऑर्ग-मोडमध्ये श्रेणी तारकांनी, मार्कडाउनच्या शीर्षकांत '#' चिन्हांनी आणि सर्वांत साध्या प्रकारात टॅबने दाखवली जाते. ओपीएमएल हे रूपरेषांच्या देवाणघेवाणीसाठी तयार झालेले एक्सएमएल-आधारित स्वरूप आहे.

श्रेणी आणि मार्ग

रूपरेषेतील ओळीचा अर्थ तिच्या शब्दांइतकाच तिच्या स्थानावरही अवलंबून असतो. सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या पुढील त्रोटक यादीवरून हे स्पष्ट होते.

सातारा जिल्हा
	सातारा
		सातारा
	कऱ्हाड
		ओगलेवाडी
	खटाव
		वडूज
		खटाव
सांगली जिल्हा
	मिरज
		सांगली
		मिरज
	खानापूर
		विटे
		खानापूर

येथे 'सातारा' हे नाव जिल्हा, तालुका आणि शहर अशा तिन्ही पातळ्यांवर येते. याउलट 'सांगली' नावाचा तालुकाच नाही. सांगली शहर मिरज तालुक्यात मोडते. खटाव तालुक्याचे मुख्यालय वडूज आणि खानापूरचे विटे, तरी त्या नावांची गावेही आहेत. शिवाय खानापूर नावाचा आणखी एक तालुका बेळगाव जिल्ह्यात आहे. ओळींच्या आरंभीचे टॅब निर्यातीत गळाले, तर उरलेल्या यादीतून कोणते खटाव तालुका आणि कोणते गाव हे ना माणसाला सांगता येईल, ना यंत्राला.

म्हणून निर्यात करताना प्रत्येक ओळीसोबत तिचा पूर्ण मार्ग लिहिला जातो : 'सांगली जिल्हा / खानापूर / विटे'. त्याची रीत सोपी आहे. आज्ञावली ओळीच्या आरंभीचे टॅब मोजते, आधीच्या मार्गातील तितकीच नावे ठेवून पुढची काढून टाकते आणि नवे नाव शेवटी जोडते. एका फाइलमध्ये काही ओळींना टॅब आणि काहींना रिकाम्या जागा वापरल्या असल्यास ही मोजणी चुकते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसत असल्याने चूक सहसा उशिरा सापडते. एखादी पातळी वगळून थेट खालची ओळ आली, तर आज्ञावलीने अंदाज न बांधता ओळीचा क्रमांक दाखवून थांबणे अधिक सुरक्षित असते.

देवनागरी मजकुरातील अडचणी

मराठी रूपरेषांचा खरा घोटाळा श्रेणीपेक्षा अक्षरांत होतो. 'कऱ्हाड' हे त्याचे नमुनेदार उदाहरण. 'कराड' हे लेखन प्रचलित आहेच. पण 'कऱ्हाड' हे एकच रूपही युनिकोडमध्ये निरनिराळ्या प्रकारे साठवलेले असू शकते : 'ऱ' या स्वतंत्र वर्णाने, 'र' आणि नुक्ता यांनी, किंवा 'र', हलन्त आणि अदृश्य जोडक यांनी. वाचकाला तिन्ही सारखी दिसतात. तुलना करणाऱ्या आज्ञावलीला मात्र ती तीन वेगळी नावे वाटतात आणि त्या तालुक्यातील गावे दुसऱ्या यादीशी जुळत नाहीत. युनिकोडच्या प्रमाणीकरणाने पहिली दोन रूपे एक होतात, तिसरे होत नाही. अदृश्य जोडक नुसता पुसून टाकणे हा उपाय तर उलटाच पडतो, कारण मग 'ह'वर रफार चढतो. 'र', हलन्त व जोडक या क्रमाच्या जागी 'ऱ' व हलन्त घालावे लागतात.

अंकांच्या बाबतीत भाषांचे वर्तन भिन्न आहे. पायथन '१२' या देवनागरी अंकांचे थेट संख्येत रूपांतर करते. जावास्क्रिप्ट करत नाही. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर साध्या फाइलमध्ये नेल्यास फॉन्टची माहिती सुटते आणि असंबद्ध रोमन अक्षरे उरतात. त्याचे रूपांतर निर्यातीआधीच करावे लागते. यूटीएफ-८ फाइलच्या प्रारंभी कधी कधी एक अदृश्य खूण असते. ती काढली नाही, तर वरील यादीत नेमकी पहिली ओळ, म्हणजे 'सातारा जिल्हा', ओळखली जात नाही आणि सबंध जिल्ह्याचा मार्ग बिघडतो.

नावे आणि संकेतांक

नावे बदलतात, हीही अडचण आहेच. १९४९ मध्ये निर्माण झालेल्या दक्षिण सातारा जिल्ह्याचे नाव १९६० मध्ये सांगली झाले. त्यामुळे जुनी-नवी कागदपत्रे जोडणाऱ्या रूपरेषेत नावाबरोबर संकेतांकही लिहितात. २०११ च्या जनगणनेत साताऱ्याचा संकेतांक ५२७ आणि सांगलीचा ५३१ आहे. मात्र २००१ च्या जनगणनेत हेच जिल्हे राज्यांतर्गत क्रमाने ३१ आणि ३५ होते. तेव्हा संकेतांकाशेजारी जनगणनेचे वर्ष नसेल, तर तो आकडाही नावाइतकाच संदिग्ध ठरतो.