२६ जुलैचा पाऊस आलेखात कुठे उभा राहतो?

२६ जुलै २००५ च्या मंगळवारी मुंबईची उपनगरं बुडाली. सांताक्रूझच्या वेधशाळेतला ९४४ मिलिमीटर पावसाचा आकडा मात्र २७ जुलैच्या नावावर आहे. भारतीय हवामान विभाग सकाळी साडेआठला मागच्या चोवीस तासांचा पाऊस मोजतो आणि तो मोजणीच्या दिवसाला लावतो. त्याच चोवीस तासांत कुलाब्यात सुमारे ७४ मिलिमीटर पडला. या दोन ठिकाणांचे स्तंभ शेजारी काढताना तारीख मोजणीची की पावसाची, हे आधी ठरवावं लागतं आणि अक्षाखाली लिहावंही लागतं. हा निर्णय आलेख काढणारा एक्सेलचा मॅक्रो, म्हणजे त्यातली छोटी आज्ञावली, घेत नाही.

एक्सेलच्या लेखी तारीख म्हणजे एक आकडा. १ जानेवारी १९०० हा दिवस १, तर २६ जुलै २००५ हा ३८५५९. या मोजणीत २९ फेब्रुवारी १९०० हा कधीच न उगवलेला दिवसही धरलेला आहे. लोटस १-२-३ या आधीच्या स्प्रेडशीटमधली ही चूक जुन्या फायली चालाव्यात म्हणून तशीच ठेवली गेली. जुन्या मॅकवरच्या एक्सेलमधली मोजणी १९०४ पासून सुरू होते. अशा फायलीतले आकडे इकडे चिकटवले, तर सगळा आलेख १,४६२ दिवसांनी सरकतो.

खरा घोळ मजकूर म्हणून आलेल्या तारखांचा. मॅक्रोने ‘०१/०७/२००५’ ही अक्षरं जशीच्या तशी सेलमध्ये टाकली, की ती अमेरिकी पद्धतीने, महिना आधी धरून वाचली जातात. १ जुलै होतो ७ जानेवारी, २ जुलै होतो ७ फेब्रुवारी, १२ जुलै थेट ७ डिसेंबरला जातो. पहिल्या बारा दिवसांत जागेवर राहतो तो फक्त ७ जुलै. पुढे तेरावा महिनाच नसल्यामुळे नोंद एक तर बरोबर वाचली जाते, नाही तर नुसता मजकूर म्हणून पडून राहते. रकान्याची मांडणी बदललेली नसेल, तर असा मजकूर सेलच्या डाव्या कडेला चिकटतो आणि खरी तारीख उजव्या. रकान्यावरून एकदा नजर फिरवली, तरी हे दिसतं. खात्रीचा उपाय म्हणजे दिवस, महिना, वर्ष वेगळे काढून ‘डेटसिरियल’ या फंक्शनला वर्ष, महिना, दिवस याच क्रमाने देणं: डेटसिरियल(२००५, ७, २६). मग संगणकाची प्रादेशिक मांडणी कोणतीही असो, उत्तर बदलत नाही.

पुढचा प्रश्न आडव्या अक्षाचा. तो नुसत्या नावांचा अक्ष असेल, तर ३० जूननंतरची नोंद थेट ५ जुलैची असताना दोन्ही स्तंभ खेटून उभे राहतात आणि मधले चार दिवस नाहीसे होतात. पावसाच्या आलेखात ही मोठी चूक आहे; उघडीपही पावसाळ्याचाच भाग. म्हणून मॅक्रोत अक्षाच्या ‘कॅटेगरीटाइप’ला ‘एक्सएलटाइमस्केल’ आणि ‘बेसयुनिट’ला ‘एक्सएलडेज’ द्यावं. किमान मर्यादा १ जून, कमाल ३० सप्टेंबर ठेवली, की १२२ दिवस सारख्या अंतरावर बसतात. कोरडा दिवस म्हणजे शून्य, पण नोंदच नसेल तर सेल रिकामा ठेवावा. तिथे शून्य लिहिणं म्हणजे न मोजलेला पाऊस पडलाच नाही असं सांगणं.

हा अक्ष दिवसाहून बारीक एकक ओळखत नाही. तासागणिक नोंदी त्यावर टाकल्या, तर चोवीसही आकडे एकाच उभ्या रेषेत रचले जातात. त्यासाठी बिंदू-आलेख, म्हणजे स्कॅटर, घ्यावा. तिथे वेळ हा दिवसाचा अपूर्णांक असतो आणि सकाळचे साडेआठ म्हणजे ०.३५४२. २६ जुलैच्या पावसासाठी अक्षाचं ‘मिनिममस्केल’ ३८५५९.३५४२, ‘मॅक्सिममस्केल’ ३८५६०.३५४२ आणि ‘मेजरयुनिट’ ०.१२५ दिलं, की खुणा साडेआठ, साडेअकरा, अडीच, साडेपाच अशा पडतात. वेधशाळांच्या दर तीन तासांच्या निरीक्षणांच्या वेळाही याच आहेत.