एका मिलिलिटरमधला मोकळा श्वास

दमेकऱ्याचं खरं वैर पहाटेशी असतं. रात्री दोन-तीनच्या सुमाराला छातीत घरघर सुरू होते. उशांची चळत रचून माणूस पलंगावर उठून बसतो. हात गुडघ्यांवर टेकलेले, खांदे वर चढलेले, तोंडातून एकेक शब्द तुटक. घरातलं कुणी पंप शोधतं, कुणी नेब्युलायझरचं बटण दाबतं. बहुतेकांचा दमा रोजच्या पंपाने आटोक्यात राहतो. पण शंभरातल्या पाच-दहा जणांचा दमा पंपांना, फवाऱ्यांना, गोळ्यांना दाद देत नाही. त्यांच्या वाट्याला स्टिरॉइडच्या गोळ्या येतात. त्या जीव वाचवतात आणि पुढे त्याची किंमतही वसूल करतात. चेहरा गोल होतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो.

अशा रुग्णांपैकी काही जण आता दोन, चार किंवा आठ आठवड्यांनी एक इंजेक्शन घेतात. ज्यांना ते लागू पडतं, त्यांच्याकडून अनुभव ऐकावेत. फुप्फुसांच्या आकड्यांबद्दल ते फारसं बोलत नाहीत. रात्रभर आडवं होऊन झोपता आलं, हे सांगतात. जिना चढताना बोलता आलं. हसल्याबरोबर खोकल्याची उबळ यायची, म्हणून हसणं आवरतं घेण्याची सवय लागली होती, ती सुटली. ज्यांच्या नाकात मांसल वाढ होऊन वासच गेला होता, त्यांच्यापैकी काहींना अनेक वर्षांनी फोडणीचा वास येतो आणि ते चुलीपाशी थबकतात.

एवढंसं औषध हे कसं घडवतं, ही गोष्ट सांगण्यासारखी आहे.

ती सुरू होते १८७९ साली, जर्मनीत. पॉल एर्लिक नावाचा तरुण डॉक्टर रक्ताच्या थेंबांना वेगवेगळे रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होता. इओसिन नावाचा गुलाबी रंग दिला, की काही मोजक्या पांढऱ्या पेशी तो अधाशासारखा पिऊन घेत आणि त्यांच्या पोटातले कण केशरी-गुलाबी होऊन उजळत. त्याने त्यांना नाव दिलं इओसिनोफिल, म्हणजे इओसिनची आवड असलेल्या. त्या रंगाच्या नावात ग्रीकांची पहाटेची देवता इऑस आहे. आपल्या वेदांतली उषा आणि ही इऑस भाषेच्या नात्याने सख्ख्या बहिणी. ज्या रोगाने माणसाची पहाट हिरावून घ्यावी, त्याच्या मुळाशी अनेकदा पहाटेच्या नावाची पेशी असावी, याचं मला पहिल्यांदा वाचलं तेव्हाही नवल वाटलं होतं आणि अजूनही वाटतं.

या पेशी मुळात आपल्या रक्षक. जंतांसारख्या मोठ्या परजीवींवर त्या पोटातल्या कणांमधली जहाल द्रव्यं सोडतात. काही जणांच्या श्वासनलिकांत मात्र त्या शत्रू नसतानाच ठाण मांडतात. तीच द्रव्यं मग नलिकेच्या नाजूक अस्तरावर सांडतात. अस्तर सुजतं, चिकट कफ साचतो, वाट अरुंद होते. या पेशींना हाडांच्या मगजातून बोलावणारा, वाढवणारा आणि जगवणारा एक निरोप शरीरात फिरत असतो. त्याचं नाव इंटरल्यूकिन-५. तो वाटेतच अडवला तर?

मेपोलिझुमॅब हे औषध नेमकं एवढंच करतं. ते निरोपालाच धरून ठेवतं. पण पहिल्या परीक्षेत ते नापास झालं होतं. २००० साली सौम्य दम्याच्या रुग्णांवरचे निष्कर्ष आले. रक्तातले इओसिनोफिल घटले होते, दम्यात मात्र फरक नव्हता. २००७ साली मध्यम दम्याच्या ३६२ रुग्णांवरही तेच झालं. हा मार्ग चुकीचाच, असं मानायला आता भरपूर आधार होता.

इंग्लंडमधल्या लेस्टरच्या आणि कॅनडातल्या हॅमिल्टनच्या डॉक्टरांनी मात्र औषधाऐवजी प्रश्न बदलला. हे दम्याला चालतं का, असं न विचारता त्यांनी विचारलं, कुणाच्या दम्याला? रुग्णाने खाकरून काढलेला बेडका त्यांनी काचपट्टीवर घेतला आणि त्यातले इओसिनोफिल मोजले. स्टिरॉइड चालू असूनही ज्यांच्या बेडक्यात त्यांची गर्दी होती, अशांनाच निवडलं. लेस्टरला ६१ रुग्ण होते, हॅमिल्टनला अवघे २०. दोन्ही अभ्यास २००९ साली एकाच वैद्यकीय नियतकालिकाच्या एकाच अंकात आले. लेस्टरमध्ये वर्षभरात प्रत्येक रुग्णामागे दम्याचे मोठे झटके औषधाविना सरासरी ३.४ आले, औषधाने २. हॅमिल्टनला स्टिरॉइडच्या गोळ्या बऱ्याच कमी करता आल्या. औषध तेच, निरोपही तोच. नापास झालेलं औषध पास झालं, कारण दमा हा एक आजार नसून एकाच नावाखाली राहणारे अनेक आजार आहेत, हे कुणीतरी बेडक्याकडे नीट पाहून ओळखलं.

आता ते इंजेक्शनच जवळून पाहू. मेपोलिझुमॅबचा पेनसारखा डोस फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांत ठेवलेला असतो. तो टोचण्यापूर्वी अर्धा तास बाहेर काढून ठेवतात, कारण गार औषध जास्त झोंबतं. गरम पाण्यात धरायचा नाही, उन्हात ठेवायचा नाही. मांडीवर किंवा बेंबीपासून थोडं दूर पोटावर जागा पुसायची, पेन सरळ टेकवून दाबायचं. एक 'टक' ऐकू येतं. खिडकीतून पिवळी पट्टी सरकत जाते. साधारण १५ सेकंदांच्या आत दुसरं 'टक' येतं आणि काम झालेलं असतं. आत गेलं काय? एक मिलिलिटर पाणी आणि त्यात १०० मिलिग्रॅम औषध, म्हणजे तापावरच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळीचा पाचवा हिस्सा. पण रेणू मोजले तर चारावर सतरा शून्यं. आणि हे सगळे रेणू एकच निरोप ओळखतात, बाकी कशाकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

असा एकनिष्ठ रेणू कारखान्यात रसायनं ढवळून होत नाही. तो प्रतिपिंड आहे, शरीर रोगाशी लढायला बनवतं तसाच. एकाच प्रकारची प्रतिपिंडं हवी तेवढी बनवण्याची युक्ती १९७५ साली केंब्रिजमध्ये जॉर्ज कोहलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी शोधली. १९८४ साली त्यांना नोबेल मिळालं. आज मेपोलिझुमॅब बनतं ते चिनी हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या अंडाशयातून आलेल्या आणि प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेल्या पेशींमध्ये. हा रेणू स्टिरॉइडच्या रेणूच्या सुमारे चारशे पट वजनाचा. म्हणून तो गोळीतून देता येत नाही. पोट त्याला डाळीतल्या प्रथिनासारखं पचवून टाकेल. पण त्वचेखाली टोचला, की अर्धा साठा संपायलाच जवळपास तीन आठवडे घेतो. महिन्यातून एकदा टोचून भागतं, ते यामुळे.

या घराण्यातला थोरला भाऊ ओमालिझुमॅब. त्याची मुळं १९२१ सालच्या एका धाडसी प्रयोगात आहेत. हाइन्झ क्युस्टनर या डॉक्टरला मासे चालत नसत. कार्ल प्राउस्निट्झ या त्याच्या सहकाऱ्याने त्याच्या रक्तातला द्रव स्वतःच्या पोटाच्या त्वचेत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. काही मिनिटांत तिथे गांध उठली. अॅलर्जी रक्तातून दुसऱ्याच्या अंगात जाऊ शकते, हे त्याने स्वतःच्या कातडीवर दाखवलं. रक्तातला तो अनोळखी घटक ओळखायला पुढे ४५ वर्षं लागली. १९६६ च्या सुमारास अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने तो शोधला, स्वीडनच्या शास्त्रज्ञांनीही स्वतंत्रपणे शोधला, आणि त्याला आयजीई हे नाव मिळालं. त्याच आयजीईला पकडणारं ओमालिझुमॅब अमेरिकेत २००३ साली मान्य झालं, दम्यासाठीचं पहिलं असं औषध. त्यानंतर इतर आली. बेनरालिझुमॅब थेट इओसिनोफिलला चिकटतं आणि शरीरातल्याच मारेकरी पेशींना बोलावतं. रक्तातले इओसिनोफिल दिवसभरात जवळपास नाहीसे होतात. डुपिलुमॅब आणि टेझेपेलुमॅब वेगळे निरोप अडवतात.

रुग्णांच्या अनुभवाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. काहींना पहिल्या महिन्यात काहीच जाणवत नाही आणि जीव खट्टू होतो. चार-सहा महिने वाट पाहिल्याशिवाय डॉक्टरही निकाल देत नाहीत. काहींना डोकेदुखी, थकवा, टोचलेल्या जागी लाली येते. पुढचा डोस जवळ आला, की शेवटच्या आठवड्यात छाती जड वाटते, असंही अनेक जण सांगतात. क्वचित तीव्र अॅलर्जी उठू शकते, म्हणून सुरुवातीचे डोस दवाखान्यात घेऊन तिथे थांबावं लागतं. काहींना एक औषध लागू पडत नाही, दुसरं पडतं. काहींना कुठलंच नाही. आपल्याकडे हा खर्च बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेरचा आहे, आणि वर्षानुवर्षं चालणारा आहे. शिवाय इथे इओसिनोफिल वाढलेले दिसले, की आधी पोटातले जंत शोधावे लागतात. रक्षकांना घरी पाठवण्याआधी खरा चोर आत नाही, याची खात्री हवी.

सगळ्यात नाजूक वळण येतं ते बरं वाटू लागल्यावर. वर्षानुवर्षं बाहेरून स्टिरॉइड मिळाल्याने मूत्रपिंडांवरच्या अॅड्रिनल ग्रंथी स्वतःचं काम विसरलेल्या असतात. गोळ्या झटकन बंद केल्या, तर अशक्तपणा, चक्कर, आणि प्रसंगी जिवावरचं संकट. म्हणून त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, पायरीपायरीने उतरायच्या. पंप तर इंजेक्शन चालू असतानाही सोडायचा नाही.

तुमच्या घरात दमेकरी असेल, तर तीन गोष्टी करा. पुढच्या भेटीत पंप डॉक्टरांसमोर घेऊन दाखवा, कारण अवघड वाटणाऱ्या कित्येक दम्यांचं कारण पंप घेण्याची चुकीची पद्धत हेच निघतं. वर्षातून दोनदा किंवा जास्त वेळा स्टिरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागत असतील, तर ते नशीब म्हणून सोसू नका, छातीच्या डॉक्टरांना गाठा. आणि त्यांना लेस्टर-हॅमिल्टनच्या डॉक्टरांनी विचारला तोच प्रश्न विचारा: हा नेमका कोणता दमा आहे? त्याच्या उत्तराची सुरुवात रक्ताच्या साध्या तपासणीने होते.