विहिरीचे पाणी आणि भोवतालची जमीन

"डॉक्टरसाहेब, आमच्या आडाचे पाणी आरशासारखे नितळ आहे," असे जुलाबाचा रुग्ण घेऊन आलेली मंडळी मला हमखास सांगतात. मी विचारतो, शोषखड्डा किती लांब आहे? आड खणताना खडक किती हातांवर लागला?

दुसरा प्रश्न त्यांना चमत्कारिक वाटतो. पण महाराष्ट्राचा सुमारे 80 टक्के भाग काळ्या पाषाणाचा आहे. जाड मातीतून पाणी सावकाश झिरपते, तेव्हा बरेच जंतू वाटेतच अडकतात. माती वीतभर आणि खाली भेगाळ खडक असेल तर ही गाळणीच उरत नाही. सांडपाणी झपाट्याने आडात उतरते. शोषखड्डा किमान 15 मीटर दूर व उताराच्या खालच्या अंगाला असावा म्हणतात. भेगाळ खडकात मी तेवढ्यावर विसंबणार नाही.

जंतू उकळल्याने मरतात. युरिया, उकिरडा, मैला यांतून येणारे नायट्रेट मात्र जात नाही. पाणी आटले की त्याचे प्रमाण वाढतेच. त्याला रंग नाही, वास नाही. लिटरला 45 मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा. सहा महिन्यांच्या आतील बाळाला अशा पाण्यात पावडरचे दूध कालवून दिले तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते, ओठ व नखे निळसर पडतात. असे दिसताच बाळाला तातडीने रुग्णालयात न्यावे. अंगावर पिणाऱ्या बाळाला हा धोका जवळपास नसतो.

भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाण्याचा नमुना देताना "नायट्रेटही तपासा" असे आवर्जून सांगावे.