भाषा शिकून पोट भरते काय?

चातुर्मासातील एका रविवारी प्रवचन आटोपल्यावर स्थानकाच्या पायऱ्यांवर चिंचवडच्या एका पोलाद व्यापाऱ्यांनी मला थांबविले. त्यांची कन्या बारावी वाणिज्य शाखेत शिकत आहे. सी.ए. करावयाचे, हे घरात तिच्या दहावीपासूनच ठरलेले. मुलीने मात्र आता भाषाविज्ञानाचा हट्ट धरला आहे. "साहेब, तुम्ही आयुष्यभर बँकेत लोकांचे हिशेब पाहिलेत. खरे सांगा, भाषा शिकून पोट भरते काय?"

मी त्यांना लगेच उत्तर दिले नाही. वीसेक वर्षांपूर्वी शाखाधिकारी असताना नेमका हाच प्रश्न मी एका मुलीला विचारला होता आणि तिचे उत्तर पुरते ऐकून न घेताच शैक्षणिक कर्जाचा अर्ज परत केला होता. अर्जावर अभ्यासक्रमापुढे 'एम.ए. भाषाविज्ञान' असे लिहिले होते आणि परतफेडीचा रकाना मला त्यामुळे कोराच दिसला. ती मुलगी पुढे कोठे गेली, हे मला ठाऊक नाही. म्हणून या वेळी उत्तर देण्यापूर्वी महिनाभर चौकशी केली. तिचे फलित येथे मांडत आहे. अशी मुले-मुली आपल्या आणखीही घरांत असणार.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. भाषाविज्ञान म्हणजे पाच-सहा भाषा बोलता येणे नव्हे. ध्वनी कसे घडतात, शब्द कसे बनतात, वाक्य कोणत्या नियमांनी उभे राहते आणि ऐकणाऱ्याला त्यातून अर्थ कसा उमगतो, याचे ते शास्त्र आहे. आपल्या परंपरेला ते परके नाही. आचार्य हेमचंद्रांनी बाराव्या शतकात आपल्या व्याकरणाचा आठवा अध्याय प्राकृत व अपभ्रंशासाठी राखला आणि देशी शब्दांचा स्वतंत्र कोश रचला. त्यांच्याही आधी, इ.स. ७७९ मध्ये, उद्योतनसूरींनी जालोर येथे पूर्ण केलेल्या 'कुवलयमाला' या प्राकृत ग्रंथात बाजारपेठेचे एक वर्णन येते. देशोदेशीचे व्यापारी तेथे जमले आहेत आणि प्रत्येकाची बोलण्याची ढब, त्याच्या तोंडचे शब्द ग्रंथकाराने टिपले आहेत. अठरा देशी भाषांचा उल्लेख करणाऱ्या या वर्णनात मराठी माणूसही आहे. बाजारात उभे राहून भाषेचे निरीक्षण करणारा हा साधू आपल्याच परंपरेतला. मारवाडी घरात, मराठी गिऱ्हाइकाशी, हिंदी ट्रकवाल्याशी आणि गुजराती पेढीशी, अशा चार भाषा आपण दिवसभर सहज फिरवतो. ती शिल्लक मात्र आपण कधी जमेस धरीत नाही.

आता या शास्त्राला अचानक मागणी का आली? कारण यंत्राला माणसाची भाषा शिकवावयाची आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे दरीचे अनेकवचन. फरक केवळ र जोडण्याच्या पद्धतीचा आहे, पण तो संगणकाला कोणी तरी सांगावा लागतो. गिऱ्हाईक दूरध्वनीवर "पावणेदोनशे पाठवा" म्हणाले, तर यंत्राने १७५ समजावयास हवे. 'पावणे', 'दोन' आणि 'शे' असे तुकडे करून ते २०० वर पोहोचले, तर पंचवीस रुपयांचा फटका बसेल. नवीन दुकानापुढे "नारळ वाढवला" म्हणजे तो फोडला. आपल्या वडीलधाऱ्यांनी रात्री "दुकान मंगल केले" म्हणजे कुलूप लावले. 'बंद' हा शब्द अशुभ म्हणून टाळलेला असतो, हे शब्दकोश पाठ करून यंत्राला कळणार नाही.

ही केवळ गंमत राहिलेली नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्या देयक महामंडळाने, म्हणजे एन.पी.सी.आय.ने, बोलून पैसे पाठविण्याची 'हॅलो यूपीआय' ही सोय जाहीर केली. तिचा आरंभ हिंदी व इंग्रजीत झाला. केंद्र सरकारच्या 'भाषिणी' या प्रकल्पाचे उद्घाटन जुलै २०२२ मध्ये गांधीनगर येथे झाले. भारतीय भाषांत परस्पर अनुवाद आणि वाणीवरून लेखन, ही त्याची उद्दिष्टे. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने 'जिस्ट' तंत्राद्वारे भारतीय लिप्या संगणकाच्या पडद्यावर आणल्या, ती याच वाटेवरील जुनी पायरी होती. मुंबईच्या आय.आय.टी.तील भारतीय भाषा तंत्रज्ञान केंद्राने हिंदी व मराठी शब्दजाल, म्हणजे शब्दांच्या अर्थसंबंधांचे कोश, सिद्ध केले आहेत.

शिक्षणासाठी तर फार दूर जाण्याचे कारण नाही. येरवड्याजवळचे डेक्कन कॉलेज १८२१ पासूनचे आणि तेथील भाषाविज्ञान विभाग देशातील नामांकित विभागांपैकी एक. संस्कृतचा ऐतिहासिक तत्त्वांवरील महाकोश तेथेच १९४८ पासून सिद्ध होत आहे. राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने मराठी बोलींचे सर्वेक्षणही याच संस्थेने केले. गावोगाव जाऊन लोकांचे बोलणे ध्वनिमुद्रित करण्याचे ते काम. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत डॉ. अ. मा. घाटगे यांच्या संपादकत्वाखाली प्राकृत शब्दकोश सुरू झाला, त्यात जैन साहित्याला विशेष स्थान आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीबरोबर प्राकृतलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. अर्धमागधी जाणणारी तरुण माणसे आज किती मिळतील? आगमांचे संपादन, हस्तलिखितांचे वाचन आणि सूचीकरण यांसाठी ती हवीच आहेत. पण येथे मी समाजातील धनिकांनाच दोष देईन. मंदिराच्या शिखरासाठी आपण सहज देणगी देतो, हस्तलिखित वाचणाऱ्याच्या मासिक वेतनासाठी देत नाही. ते वेतन कोणी बांधून दिल्याखेरीज या क्षेत्राला मी 'नोकरीची संधी' म्हणणार नाही.

बँकेच्या भाषेत बोलायचे, तर या साऱ्या क्षेत्रात जोखीम कोठे आहे तेही सांगितले पाहिजे. भाषा-तंत्रज्ञानाच्या नावाखाली पुष्कळसे काम वाक्यांना खुणा करणे, ध्वनिफीत ऐकून टंकलेखन करणे, यंत्राचे भाषांतर सुधारणे, अशा स्वरूपाचे असते. ते नगावर मोबदला देणारे, घरबसल्या करता येण्याजोगे, आणि प्रकल्प संपला की संपणारे. शिकताना हातखर्चासाठी ते ठीक. त्यावर संसार उभारू नये. ज्याला व्याकरणाच्या जोडीला संगणकाची आज्ञावली लिहिता येते आणि संख्याशास्त्र कळते, त्याला मात्र कंपन्या विचारतात. म्हणून मुलीला गणित सोडू देऊ नका, असे मी त्या गृहस्थांना सांगितले. वाणिज्य शाखेतील संख्याशास्त्र वाया जात नाही, तेच येथे भांडवल ठरते.

चिंचवडच्या माणसाला याहून जवळचा मार्ग परकीय भाषांचा. चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ या जर्मन कंपन्यांचे कारखाने आहेत, जपानी ब्रिजस्टोनही तेथेच आहे, आणि त्यांना सुटे भाग पुरविणारे उद्योग भोसरीपासून तळेगावपर्यंत पसरले आहेत. परदेशी तज्ज्ञ आला की दुभाषा लागतो, गुणवत्तेची कागदपत्रे आली की अनुवादक लागतो. जपानी भाषेची परीक्षा एन-५ पासून एन-१ पर्यंत पाच पायऱ्यांची असते आणि ती पुण्यातही देता येते. पहिल्या दोन पायऱ्यांवर कोणी नोकरी देत नाही, हे मुलांना आधीच सांगावे. खरी मागणी एन-३च्या पुढे सुरू होते. विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आहे आणि जर्मनसाठी मॅक्समुल्लर भवन आहे. ज्यांचा स्वतःचा कारखाना आहे, त्यांच्या घरात तर जर्मन जाणणारी सून किंवा मुलगा हा पगाराचा प्रश्नच नव्हे. मालाच्या चौकशीचे पत्र आले की तिसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही.

इंग्रजी अध्यापनाबद्दल थोडक्यात. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. तेव्हापासून शिक्षकांची गरज कायमची झाली. सरकारी व अनुदानित शाळेत शिरावयाचे तर बी.एड. किंवा डी.एल.एड., टी.ई.टी. आणि नंतर अभियोग्यता चाचणी ही वाट आहे. महाविद्यालयात नेट अथवा सेट लागते आणि तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे ताटकळण्याची तयारीही लागते. प्रौढांना, कामगारांना, परदेशी जाणाऱ्यांना इंग्रजी शिकविणाऱ्यांसाठी केंब्रिजचे 'सेल्टा' प्रमाणपत्र जगभर मानले जाते. माझ्या पाहण्यात या क्षेत्रात सर्वांत सुखी तेच, ज्यांनी शिकविण्याचा स्वतःचा वर्ग काढला. व्यापारी रक्त येथेही उपयोगी पडते.

आमच्या बँकांतही एक पद आहे, पण मुलांना ते ठाऊक नसते. राजभाषा अधिकारी. आय.बी.पी.एस. त्याची परीक्षा घेते. हिंदीत पदव्युत्तर पदवी आणि पदवीला इंग्रजी विषय, ही मुख्य अट. संस्कृतच्या पदव्युत्तरांनाही, पदवीला हिंदी व इंग्रजी असल्यास, वाव आहे. केवळ भाषाविज्ञानाची पदवी तेथे पुरत नाही, म्हणून विषय निवडतानाच हे पाहून ठेवावे.

खर्चाविषयी एवढेच, की आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाख रुपयांपर्यंत तारण मागितले जात नाही. २०१४ मध्ये जैन समाजास राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाल्यापासून राष्ट्रीय अल्पसंख्याक विकास व वित्त महामंडळाच्या योजनाही आपणांस खुल्या आहेत. अर्ज परत आला, तर कारण लेखी मागा. त्या मुलीने माझ्याकडे ते मागितले असते, तर मला काय लिहावे हे सुचले नसते.

हे सारे मी त्या व्यापाऱ्यांना सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. सी.ए.चा विषय त्यांनी अजून सोडलेला नाही, आणि मीही सोडा म्हटले नाही. गेल्या आठवड्यात त्यांचा दूरध्वनी आला. इंग्रजी आणि संख्याशास्त्र हे दोन्ही विषय एकाच पदवीला कोणत्या महाविद्यालयात घेता येतात, असे त्यांनी विचारले. मागून मुलीचा आवाज येत होता, "पप्पा, संस्कृतचंही विचारा."