फोटो चांगला, मग धाप का?

‘‘सायेब, फोटू चांगला हाय म्हणता, मग दंडोबाला चढवत का न्हाई?’’ बाह्यरुग्ण विभागात हा प्रश्न वरचेवर ऐकू येतो. विचारणारी बहुधा चुलीपुढे आयुष्य गेलेली बाई असते, नाहीतर गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाड टाकणारा माणूस. कधी क्षयरोगाचा कोर्स पुरा केलेला, थुंकी निगेटिव्ह झालेला तरुणही असतो. एक्स-रेत जुना व्रण असलाच तर तेवढा दिसतो. पण जिना चढताना दम लागतो. त्यांची तक्रार खरी असते. फोटो फुप्फुसाचा आकार दाखवतो, काम दाखवत नाही.

कामाची मोजदाद करण्यासाठी आपल्याकडे स्पायरोमेट्री आहे. जोरात फुंकर मारायची आणि किती हवा किती वेगाने बाहेर आली हे मोजायचे. तपासणी स्वस्त आणि भरवशाची आहे. पण ती दोन्ही फुप्फुसांचा मिळून एकच हिशेब देते. गावाचे एकूण पाणी मोजले, तरी कोणत्या गल्लीत नळ कोरडा आहे हे कळत नाही, तसेच हे. दोन मिलिमीटरपेक्षा बारीक श्वासनलिका बऱ्याच खराब झाल्या तरी सुरुवातीला फुंकरीचे आकडे ठीक येऊ शकतात. सीटी स्कॅन बारकावे दाखवतो, पण त्यात किरणोत्सर्ग असतो, त्यामुळे तो पुन्हा पुन्हा करणे योग्य नाही.

मग किरणोत्सर्ग नसलेला एमआरआय का नको? मेंदू आणि मणक्यासाठी तो रोज होतो. या तंत्राच्या पायाभूत कामासाठी पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना 2003 मध्ये नोबेल मिळाले. अडचण फुप्फुसाच्या घडणीत आहे. एमआरआयचा संदेश मुख्यतः शरीरातल्या पाण्यातील हायड्रोजनकडून येतो, आणि फुप्फुस म्हणजे बहुतांशी हवा. त्यात हवा आणि पेशींच्या कोट्यवधी सीमांवर चुंबकीय क्षेत्र विस्कटते, त्यामुळे मिळणारा क्षीण संदेश एक-दोन मिलिसेकंदांत विरतो. वर श्वास आणि हृदयाची हालचाल थांबत नाही ती नाहीच. म्हणून नेहमीच्या एमआरआयमध्ये फुप्फुसाच्या जागी काळोख दिसतो.

या काळोखात उजेड पाडायचे तीन मार्ग संशोधकांनी काढले आहेत.

पहिला मार्ग ऑक्सिजनचा. रुग्णाला आधी साधी हवा आणि मग शुद्ध ऑक्सिजन देऊन चित्रे घेतात. रक्तात विरघळलेल्या ऑक्सिजनमुळे संदेश किंचित बदलतो. जिथे बदल होत नाही, तिथे ऑक्सिजन नीट पोहोचलेला नाही.

दुसऱ्या मार्गात काहीच द्यावे लागत नाही. रुग्ण निवांत श्वास घेतो आणि यंत्र झपाझप चित्रे टिपते. श्वास आत घेतला की फुप्फुस विरळ होऊन फिके दिसते, सोडला की दाट होऊन उजळते. हृदयाच्या ठोक्यागणिक रक्ताची लाटही उमटते. संगणक या दोन्ही लयी वेगळ्या करतो आणि हवेचा एक, रक्ताचा एक असे दोन नकाशे देतो. लहान मुलांना श्वास रोखून धरायला सांगावे लागत नाही, हा मोठा फायदा.

तिसरा मार्ग झेनॉन वायूचा. लेसर आणि रुबिडियम या धातूच्या वाफेच्या साहाय्याने झेनॉन-129चा चुंबकीय संदेश हजारो पटींनी वाढवतात. रुग्ण तो हुंगून काही सेकंद श्वास रोखतो. वायू जिथे पोहोचतो तो भाग उजळतो, जिथे पोहोचत नाही तिथे काळे ठिगळ दिसते. पुढची गंमत अशी, की वायुकोशात, पातळ पडद्यात आणि लाल रक्तपेशीत झेनॉनचा ‘सूर’ वेगवेगळा लागतो. त्यामुळे वायू रक्तात उतरताना नेमका कुठे अडतो हेही कळते. उंदराच्या फुप्फुसाचे असे पहिले चित्र 1994 मध्ये आले. डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने 12 वर्षांवरील रुग्णांमध्ये हवा कुठे पोहोचते हे पाहण्यासाठी झेनॉनला मान्यता दिली. कोविडनंतर दम लागणाऱ्या, पण सीटी जवळपास सामान्य असलेल्या काही रुग्णांमध्ये या तंत्राने दोष दाखवला, तेव्हा ‘मनाचे खेळ’ म्हणून वाटेला लावलेल्यांची बाजू खरी ठरली.

आपल्याकडे याचे मोल विशेष आहे. तेव्हा पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये असलेले डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह 2009 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले होते, की जगात तंबाखू ओढणारे सुमारे शंभर कोटी, तर लाकूड-गोवऱ्यांच्या धुराला सामोरे जाणारे तीनशे कोटी लोक आहेत. कधीही विडी न ओढलेल्या बाईला सीओपीडी होतो, तो असा.

मात्र उद्याच ‘फुप्फुसाचा एमआरआय करा’ म्हणून धाव घेऊ नका. झेनॉनसाठी वायू तयार करणारे यंत्र आणि वेगळी उपकरणे लागतात. नेहमीच्या केंद्रात ती नसतात. शिवाय शरीरात पेसमेकर असेल, किंवा कुपवाडच्या एमआयडीसीत लेथवर काम करताना डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल, तर कोणत्याही एमआरआयआधी ते सांगितलेच पाहिजे.

आज करण्यासारखे बरेच आहे. तीन आठवड्यांहून जास्त दम किंवा खोकला असेल तर स्पायरोमेट्रीचा आग्रह धरा. क्षयरोग बरा झाल्यावरही एकदा ती करून घ्या. सहा मिनिटे चालवून ऑक्सिजन तपासायला सांगा. बसल्या जागी 97 दाखवणारे बोट चालल्यावर 88 दाखवू शकते. घरात चूल असेल तर धूर बाहेर जायची वाट आधी करा. आणि फोटो चांगला आला म्हणून घरच्या बाईच्या धापेला ‘वय झालं’ म्हणू नका.