नंबर तोच, पत्ता नवा

मळवलीचे एखादे कुटुंब कामशेतला राहायला गेले, तर माणसे तीच राहतात, पत्ता मात्र बदलतो. नवा पत्ता कळवला नाही, तर पत्रे जुन्याच घरी जाऊन पडतात. मोबाईलची कंपनी बदलल्यावर काही संदेश येईनासे होतात, त्याचे कारणही पुष्कळदा असेच असते. आणि बँकेचा ओटीपी आला नाही, तर स्वतःचेच पैसे अडून बसतात. म्हणून हे समजून घेऊ.

नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय हरियाणात 25 नोव्हेंबर 2010 रोजी आणि देशभर 20 जानेवारी 2011 रोजी सुरू झाली. त्यापूर्वी नंबराच्या पहिल्या आकड्यांवरून कंपनी ओळखता येई. आता ते चालत नाही. कंपनी बदललेल्या प्रत्येक नंबराची नोंद एका मध्यवर्ती वहीत होते आणि ती सर्व कंपन्यांना कळवली जाते. संदेश कोणत्या वाटेने धाडायचा, ते त्या नोंदीवरून ठरते. एखाद्याकडची नोंद जुनी राहिली, की त्याचा संदेश जुन्या कंपनीच्या दारी जातो. म्हणूनच पुण्याच्या भाच्याचा संदेश येतो नि बँकेचा येत नाही, असे घडू शकते.

मग करायचे काय? आधी फोन बंद करून पुन्हा चालू करा. नंतर वेगवेगळ्या कंपन्यांचे नंबर असलेल्या दोघांतिघांना संदेश पाठवायला सांगा. एकाच कंपनीचे येत नसतील, तर दोष वाटेत आहे. कुणाचेच येत नसतील, तर दोष आपल्या सिममध्ये, फोनमध्ये किंवा नव्या कंपनीकडे. 198 वर नव्या कंपनीकडे तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा.

कंपनी तीच ठेवून नुसते सिम बदलून घेतले असेल, तर घाबरू नका. 2022 च्या सरकारी आदेशानुसार अशा वेळी 24 तास संदेशांची ये-जा बंद ठेवतात. चोराने तुमच्या नावावर सिम काढलेच, तर त्याच्या हाती लगेच ओटीपी पडू नये, हा त्यातला हेतू. बँकेचे काम त्या दिवशी ठेवू नका, म्हणजे झाले.

फोन बदलण्याची गोष्ट थोडी वेगळी. आयफोन वापरणारे एकमेकांना 'आयमेसेज'ने संदेश धाडतात. ते साध्या संदेशाच्या वाटेने नव्हे, इंटरनेटवरून जातात. आयफोन सोडला तरी तिथली नोंद राहिली, तर संदेश जुन्याच ठिकाणी जातात. अशा तक्रारी वाढल्यावर ॲपलने नोव्हेंबर 2014 मध्ये ती नोंद काढण्याची सोय केली. तेव्हा जुना फोन हातचा देण्यापूर्वी त्यातली ही सेवा बंद करा.

सगळ्यांत मोठा धोका मात्र नंबरच सोडून देण्यात आहे. बंद झालेला नंबर निदान 90 दिवस कुणाला देत नाहीत. पुढे तो दुसऱ्याला मिळू शकतो. मग तुमच्या खात्याचे संदेश परक्याच्या हाती! म्हणून नंबर सोडण्याआधी बँक, आधार, गॅस, शाळा, सगळीकडे नवा नंबर नोंदवा.

शिक्षक बंधुभगिनींनी एवढे पालकसभेत सांगितले, तरी पुष्कळांचे हेलपाटे वाचतील.