वहिवाटीतील सहिष्णुता

कारंजा हे तालुक्याचे ठाणे एकीकडे श्रीनृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणून दत्तभक्तांस पूज्य, तर दुसरीकडे सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तीन दिगंबर भट्टारक-परंपरांची पीठे एकाच गावात नांदवणारे. आणि तरीही या मुलखातील परमतसहिष्णुतेचा मागोवा घेऊ लागले, की हाती लागतात ते तत्त्वग्रंथ नव्हेत, तर वहिवाटी, करारनामे आणि फैसले.

13व्या शतकात महानुभाव पंथाच्या चक्रधरांनी वर्णश्रेष्ठत्व नाकारून स्त्री-शूद्रांस संन्यासाचा अधिकार दिला. परंतु ऋद्धिपुरास श्रद्धास्थान मानणाऱ्या त्यांच्या अनुयायांनी पुढे आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत बंदिस्त केले. समाजाने या भिन्नमतास जगू दिले, पण चारचौघांत बोलू दिले नाही. कारंज्याच्या जैन शास्त्रभांडारांतील पोथ्यांनीही पुष्कळ काळ असाच अज्ञातवास भोगला. पुष्पदंताची अपभ्रंश काव्ये तेथून निघून संपादित स्वरूपात छापली गेली ती 1930 नंतर, परशुराम लक्ष्मण वैद्य आणि हिरालाल जैन यांच्या परिश्रमाने.

याच मुलखातील शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथ या जैन मूर्तीची कथा याहून बोलकी आहे. दिगंबर व श्वेतांबर या दोन्ही पंथांनी 1905 मध्ये पूजेच्या वेळा वाटून घेतल्या. पुढे मूर्तीच्या लेपावर कटिसूत्र व कच्छोट (कंबरपट्टा व लंगोट) असावेत की नसावेत यावरून कज्जा पेटला, 1910 मध्ये अकोल्याच्या न्यायालयात गेला आणि 1929 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोहोचला. तेथे व्यवस्था व लेपाचा हक्क श्वेतांबरांकडे आणि ठरल्या वेळी पूजेचा हक्क दिगंबरांकडे राहिला. पण तंटा मिटला नाही, आणि 1981 पासून सुमारे चार दशके मंदिर बंद राहिले, ते 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने उघडले.

वरून मिळालेली सहिष्णुता युरोपातही टिकली नाही. फ्रान्सच्या चौथ्या हेन्रीने 1598 मध्ये प्रोटेस्टंटांना धर्मस्वातंत्र्य देणारी नांतची सनद दिली, ती चौदाव्या लुईने 1685 मध्ये रद्द केली. त्यानंतर चारच वर्षांनी इंग्रज तत्त्वज्ञ लॉकचे सहिष्णुतेवरील पत्र प्रसिद्ध झाले, आणि त्यानेही नास्तिकांस दाराबाहेरच ठेवले. राजाने दिलेले राजा काढून घेतो. शेजाऱ्यांनी परस्परांस दिलेले मोडायला निदान दोघांपैकी एकाला तरी वचनभंगाचे पातक पत्करावे लागते. म्हणून लंडनच्या फैसल्याहून 1905 चा तो साधा करार मला श्रेष्ठ वाटतो, आणि दोन्ही पंथांच्या धुरीणांनी वकिलांना घरी ठेवून तो एकदा एकत्र बसून वाचावा, एवढीच विनंती आहे.